जिल मॅकबेनच्या विहिरीचं पाणी

पवनचक्कीला कित्येक वर्षांत कुणी तेल घातलेलं नसावं. प्रत्येक फेरीला ती कण्हते. फळ्यांच्या फलाटावर लांब मळकट कोट घातलेले तिघे गाडीची वाट बघतायत. तारयंत्राची टकटक सुरू होते, ती एकाला सहन होत नाही, तो तारा उपटून टाकतो. दुसऱ्याच्या टकलावर वरच्या टाकीतून पाणी ठिबकतं. तो जागचा हलत नाही, टोपी डोक्यावर चढवतो आणि थेंब टोपीच्या काठात साचू देतो. तिसरा बोटं मोडत बसलाय. मग एक माशी येते. पहिल्याच्या दाढीवर, ओठावर, गालावर हिंडते, आणि शेवटी तो तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडून नळी कानाशी धरतो. दहा मिनिटांहून जास्त वेळ पडद्यावर एवढंच घडतं. पार्श्वसंगीत नाही, बोलणं जवळजवळ नाही. गाडी येते, जाते, आणि ती गेल्यावर रुळांच्या पलीकडे हार्मोनिका वाजवणारा माणूस उभा दिसतो. दोन-चार वाक्यं, गोळ्या, तिघेही आडवे. टोपीत साचलेलं पाणी दुसऱ्याने त्याच्या जरा आधी पिऊन घेतलेलं असतं.

सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची ही सुरुवात. डिसेंबर १९६८ मध्ये हा चित्रपट इटलीत लागला. दिग्दर्शक रोमचा, छायाचित्रकार टोनिनो देल्ली कोल्ली इटलीचा, पैसा हॉलिवूडच्या पॅरामाउंटचा आणि बरीचशी जमीन स्पेनची. हे स्टेशन ग्रानादा प्रांतातल्या ला कालाओर्रा गावाजवळ उभारलं होतं. मागे खरा रेल्वेमार्ग होता, म्हणून गाडीही खरी. या सुरुवातीबद्दल लोक बोलतात ते तिच्या संथपणाबद्दल. मला ती संथ वाटत नाही, गच्च भरलेली वाटते. कान उघडे ठेवून बघितलं तर एकेक आवाज दुसऱ्याच्या जागी येतो, दुसरा पहिल्याला ढकलतो, आणि माशीच्या गुणगुणण्यापर्यंत पोचतो तेव्हा आपण इतके सावध झालेलो असतो की हार्मोनिकाचा पहिला सूर अंगावर येतो. ज्याला एन्निओ मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी आहे त्याने पहिला अख्खा प्रसंग लाकूड, लोखंड, पाणी आणि किड्याच्या आवाजावर सोपवावा, याला मोठी छाती लागते.

बोटं मोडणारा तो नट म्हणजे अल मुलॉक. चित्रीकरण चालू असतानाच ग्वादिक्समधल्या हॉटेलातून उडी मारून त्याने आयुष्य संपवलं, तेव्हा त्याच्या अंगावर सिनेमातलाच पोशाख होता. हे कळल्यापासून त्या बोटांच्या आवाजाशी मी थोडी थांबते. कथेशी त्याचा काही संबंध नाही, पण पडद्यावरचा माणूस हा आधी माणूस असतो, आणि या चित्रपटाच्या पहिल्या रिळातला हा एक माणूस तो पूर्ण झालेला बघायला उरला नाही.

लिओनेने याआधी क्लिंट ईस्टवुडला घेऊन १९६४, १९६५ आणि १९६६ मध्ये लागोपाठ तीन वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतले घोडे-बंदुकांचे चित्रपट, केले होते. त्यातल्या पहिल्याने अकिरा कुरोसावाच्या कथेचा सांगाडाच उचलला होता आणि त्याबद्दल पुढे भरपाईही द्यावी लागली. पण त्या तीन चित्रपटांनी जगभरच्या थिएटरांमध्ये वेस्टर्नचा चेहरा बदलला: न धुतलेले कपडे, घामट चेहरे, पैशापलीकडे कशावर विश्वास नसलेले नायक. त्यानंतर लिओनेला वेस्टर्न करायचेच नव्हते. त्याच्या डोक्यात न्यूयॉर्कच्या गुन्हेगारांची गोष्ट होती. पॅरामाउंटने हेन्री फोंडाला घेऊन वेस्टर्न करण्याची संधी समोर ठेवली आणि फोंडा हा त्याचा लहानपणापासूनचा आवडता नट. तो मागे फिरला. कथा रचायला त्याने दोन तरुण सोबत घेतले, बर्नार्दो बर्तोलुच्ची आणि दारिओ अर्जेंतो. तिघे जुने अमेरिकन वेस्टर्न बघायचे, बोलायचे, त्यातले प्रसंग पुन्हा रचायचे. पटकथा पुढे सर्जिओ दोनातीने लिओनेबरोबर लिहिली. लिओनेच्या वेस्टर्नमध्ये बाई पहिल्यांदा मध्यभागी आली ती या कथेत, आणि माझं या चित्रपटाशी जे काही भांडण आहे ते तिच्याचमुळे आहे.

ती जिल. क्लॉडिया कार्डिनालेने केली आहे. न्यू ऑर्लीन्सहून ती फ्लॅगस्टोन नावाच्या गावाच्या स्टेशनावर उतरते. तिथे तिला न्यायला नवरा यायचा आहे, ब्रेट मॅकबेन. कुणी येत नाही. फलाटावरची गर्दी पांगते, ती घड्याळ बघते, वाट बघते, आणि मग स्टेशनमास्तरच्या खोलीत शिरते. कॅमेरा आत जात नाही. तो बाहेरून खिडकीतून तिला मास्तरशी बोलताना बघतो, आपल्याला शब्द ऐकू येत नाहीत, ती पलीकडच्या दाराने बाहेर पडते आणि कॅमेरा भिंतीवरून, छपरावरून वर वर चढत जातो. त्याच क्षणी संगीत उसळतं, एद्दा देल्ओर्सोचा शब्दांवाचून गाणारा आवाज, आणि छपरापलीकडे अर्धवट बांधलेलं, धुळीने माखलेलं, घोड्यांनी आणि गाड्यांनी गजबजलेलं पूर्ण गाव उघडतं. हे संगीत चित्रीकरणाच्या आधी तयार होतं. मोरिकोने आणि लिओने रोममध्ये लहानपणी एकाच वर्गात होते. त्या जुन्या ओळखीतून आलेला विश्वास असा की मोरिकोनेने आधी सूर लिहून दिले आणि लिओनेने सेटवर ते वाजवत नटांना चालायला लावलं, क्रेन वर न्यायला लावली. म्हणून कार्डिनालेची चाल सुरांत बसलेली आहे. तिच्या पाठमोऱ्या आकृतीला त्या गर्दीत मिसळताना बघून माझ्या घशात आवंढा येतो, आणि तो अजून एकदाही आल्यावाचून राहिलेला नाही.

आपल्याला तोवर ठाऊक असतं की तिला न्यायला येणारं कुणी जिवंत नाही.

मॅकबेन कुटुंबाचा प्रसंग मी हिंदी सिनेमे बघत वाढलेल्या कुणालाही दाखवावा असा आहे. वाळवंटातलं एकटं घर. अंगणात लांब टेबलं मांडलेली, लाल चौकटींची टेबलक्लॉथं, नव्या आईच्या स्वागताची जेवणाची तयारी. रातकिडे किरकिरतायत आणि मध्येच गप्प होतात. बाप मान वर करतो. पुन्हा किरकिर सुरू होते. मग पक्षी एकदम उडतात, मुलगी हसून त्यांच्याकडे बघते आणि कोसळते. बाप तिच्याकडे धावतो, तो पडतो, थोरला मुलगा पडतो. धाकटा घरातून धावत बाहेर येतो आणि दारात थबकतो. इथे, सगळं घडून गेल्यावर, मोरिकोनेची इलेक्ट्रिक गिटार किंचाळते. झुडपांतून लांब कोटवाले पाच जण शांत चालत येतात. कॅमेरा त्यांच्या म्होरक्याच्या पाठीमागून वळसा घेत समोर येतो आणि चेहरा दिसतो: हेन्री फोंडा. अमेरिकन सिनेमातला सज्जनपणाचा पुतळा, निळ्याशार डोळ्यांचा. फोंडा म्हणे खलनायक वाटावं म्हणून तपकिरी लेन्सेस आणि मिशी लावून सेटवर आला होता. लिओनेने दोन्ही काढायला लावल्या, त्याला ते निळे डोळेच हवे होते. साथीदारांपैकी एकजण चुकून त्याला फ्रँक म्हणून हाक मारतो. नाव ऐकलेला मुलगा आता जिवंत सोडता येत नाही. फ्रँक मंद हसतो, पिस्तूल उचलतो, गोळीचा आवाज होतो आणि त्या आवाजातूनच आगगाडीची शिट्टी किंकाळीसारखी निघते. त्या गाडीतून जिल येते आहे.

‘शोले’ आठवला ना? ठाकूरच्या अंगणातलं हत्याकांड, झोपाळ्याची करकर, वाऱ्यात एकेक माणूस पडणं, शेवटी लहान मूल आणि गब्बरची रोखलेली बंदूक, आणि गोळीपाठोपाठ आगगाडी. १९७५ च्या त्या प्रसंगावर लिओनेचा हात उघड दिसतो. तरी दोन्ही प्रसंग पाठोपाठ बघितले तर फरकही समजतो. ‘शोले’त परतणारा ठाकूर पांढऱ्या चादरी उचलतो आणि आपण त्याच्या दुःखात असतो, सूड त्याचा आहे आणि आपणही त्याच्याबरोबर सूडाला निघतो. लिओनेकडे परतणारी जिल या माणसांना पुरतं ओळखतसुद्धा नाही. ती महिन्याभरापूर्वी मॅकबेनशी लग्न करून बसलेली, मुलांना एकदाही न भेटलेली सावत्र आई. टेबलांवर आडवी ठेवलेली प्रेतं, काळे कपडे घातलेले शेजारी, आणि त्या सगळ्यांसमोर अचानक विधवा झालेली ही परकी बाई. हिने इथे काय करायचं? हा प्रश्न ‘शोले’ला पडायची गरज नव्हती. लिओनेला पडला, आणि त्या प्रश्नापाशी हा चित्रपट सूडकथेपेक्षा मोठा होतो.

मॅकबेनला का मारलं, हे कळायला अर्धा चित्रपट जातो. त्याची जमीन म्हणजे दगड, धूळ आणि काटेरी झुडपं. जमिनीचं नाव स्वीटवॉटर म्हटल्यावर घोडागाडीवालासुद्धा हसतो. पण तिथे विहीर आहे. वाफेच्या इंजिनाला दर काही मैलांवर पाणी लागतंच. पूर्वेकडून येणाऱ्या रुळांना पश्चिमेच्या समुद्राकडे जायचं तर त्या कोरड्या पट्ट्यात त्यांना स्वीटवॉटरला थांबणं भाग आहे. मॅकबेनने हे वर्षानुवर्षं आधी ताडलं होतं. रूळ पोचण्याआधी तिथे स्टेशन बांधून झालं नाही तर हक्क जातो, म्हणून त्याने लाकूडही मागवून ठेवलं होतं. रेल्वेवाल्या मॉर्टनने फ्रँकला पाठवलं होतं ते त्याला घाबरवायला. फ्रँकने घर संपवलं.

हे उलगडेपर्यंत आमच्या घरी चहाचा एक फेरा झालेला असतो. बाबा वेस्टर्न बघतच मोठे झालेले, त्यांनीच हा चित्रपट घरी आणला होता आणि ते गोळीबारांची वाट बघत होते. आईला त्यात गोडी नव्हती. तिचं माहेर धाराशिव जिल्ह्यातलं, कोरड्या गावातलं. टँकर यायच्या आदल्या रात्री रांगेत हंडे लावून ठेवणारं. मॅकबेनचं गुपित चार्ल्स ब्रॉन्सन, म्हणजे सुरुवातीचा तो हार्मोनिका वाजवणारा, ज्याला चित्रपटात हार्मोनिका हेच नाव आहे, उलगडून सांगेपर्यंत ती थांबली नाही. जिल त्या ओसाड घरात उभी होती तेव्हाच म्हणाली, “अगं, विहीर आहे ना तिच्या दारात. म्हणून सगळे येतायत.” त्या दिवसापासून मी हा चित्रपट पाण्याच्या अंगाने बघते, आणि तो तसाच बांधलेला आहे असं माझं ठाम मत झालंय. टकलावर ठिबकणारा थेंब आणि टोपीतून प्यायलेलं पाणी. विहिरीवर पाणी शेंदायला पाठवलेली जिल. मॉर्टनच्या डब्यातलं समुद्राचं चित्र. इंजिनाची तहान. शेवटी रूळ टाकणाऱ्या मजुरांना पाजलेलं पाणी. बंदुकांचे आवाज पुढे असतात, पण गोष्ट चालते ती तळाच्या या पाण्यावर.

मॉर्टन हे या चित्रपटातलं सगळ्यात बारकाईने रचलेलं पात्र. गॅब्रिएले फेर्झेत्तीने केलाय. हाडांच्या क्षयाने पाय गेलेले, म्हणून त्याच्या खास डब्याच्या छताला धरायला दांडे बसवलेत आणि तो त्यांना लोंबकळत पुढे सरकतो. अटलांटिक पाहिलेल्या या माणसाला मरायच्या आधी रुळांवरून पॅसिफिकपर्यंत जायचंय. तो बंदूक वापरत नाही, नोटा वापरतो, आणि फ्रँक त्याच्या टेबलामागच्या खुर्चीत बसून बघतो तेव्हा त्यालाही कळतं की पुढचा काळ खुर्चीवाल्यांचा आहे. तरी फ्रँक धंदेवाला होऊ शकत नाही. मॉर्टन मरतो तो गाडीबाहेर चिखलात सरपटत, एका डबक्याकडे हात नेत. कानावर समुद्राच्या लाटा येतात. एवढ्या क्रूर माणसाच्या मरणाशी हा चित्रपट इतक्या मायेने वागतो याचं मला दर वेळी नवल वाटतं. अमेरिकेत प्रदर्शित करताना वितरकांनी १६५ मिनिटांचा चित्रपट १४५ वर आणला तेव्हा मॉर्टनचं मरण, शायेन नावाच्या डाकूचं मरण आणि रस्त्यावरच्या खाणावळीतला प्रसंग कापला होता. खाणावळ गेली म्हणजे हार्मोनिका आणि शायेनची ओळखच गेली. चित्रपट तिकडे पडला. पॅरिसमध्ये मात्र तो वर्षानुवर्षं चालत राहिला आणि फ्रान्समध्ये १ कोटी ४० लाखांहून जास्त तिकिटं खपली. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचं नाव २००९ मध्ये गेलं.

चेहऱ्यांविषयी थोडं. टेक्निस्कोप नावाची पद्धत लिओने वापरायचा. नेहमीच्या चित्रचौकटीला फिल्मवरची चार छिद्रं लागत, हिला दोनच, त्यामुळे निम्म्या फिल्मवर काम भागे आणि चौकट रुंद मिळे. पैसे वाचवायला निघालेली युक्ती. पण तिच्या आडव्या पट्टीत लिओने नुसते डोळे भरतो, कपाळाच्या सुरकुत्यांपासून गालाच्या खड्ड्यापर्यंत. ब्रॉन्सनचा चेहरा पडद्यावर येतो तेव्हा तो कोरड्या नदीच्या पात्रासारखा दिसतो आणि आपण त्यात काहीतरी शोधत राहतो. सापडत नाही, कारण हार्मोनिकाकडे एकच आठवण आहे. चित्रपटभर ती धूसर दिसत राहते: उन्हातून चालत येणारी एक आकृती. शेवटच्या द्वंद्वात ती स्पष्ट होते. तरुण फ्रँक. विटांच्या कमानीखाली एक मुलगा, हात मागे बांधलेले, खांद्यांवर गळ्यात फास अडकवलेला थोरला भाऊ. मुलाचे पाय टिकतील तोवर भाऊ जिवंत. फ्रँक त्या मुलाच्या तोंडात हार्मोनिका कोंबतो. मुलगा कोसळतो तेव्हा धूळ उडते. अख्ख्या चित्रपटात ऐकलेला तो बेसूर, दम लागल्यासारखा सूर म्हणजे त्या मुलाचा श्वास होता हे इथे समजतं, आणि फ्रँक मरताना तीच हार्मोनिका त्याच्या तोंडात येते. सिनेमात वाद्य कथेचा पुरावा झालेलं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ते वाद्य फ्रँको दे जेमिनीने वाजवलंय.

आता दोष. ते आहेत, आणि मला त्यांच्याकडे काणाडोळा करायचा नाही; जे आवडतं त्याच्याशी एवढं तरी प्रामाणिक असावं.

कथेत भोकं आहेत. मॉर्टनच्या गाडीवरचा हल्ला आपल्याला दिसतच नाही, नंतरची प्रेतं दिसतात. शायेनला गोळी लागलेली शेवटच्या काही मिनिटांत समजते. फ्रँकची माणसं त्याच्यावर उलटतात आणि हार्मोनिकाच त्याला वाचवतो, स्वतःच्या हाताने मारता यावा म्हणून. हे पटतं, पण त्या रस्त्यावर कोण कुठे आहे हे समजायला दुसऱ्यांदा बघावं लागतं. इटालियन पद्धतीप्रमाणे आवाज नंतर भरलेले असल्यामुळे ओठ आणि शब्द जागोजागी जुळत नाहीत. हे मला फारसं खुपत नाही.

खुपतं ते वेगळं. अमेरिकेतल्या पहिल्या आरपार रेल्वेचे रूळ १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमॉन्टरी इथे जोडले गेले. पश्चिमेकडून येणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचे हजारो मजूर चिनी होते, डोंगर फोडताना त्यातले कितीतरी मेले. पूर्वेकडून येणाऱ्या मार्गावर आयरिश होते. आणि ज्या जमिनीवरून रूळ गेले ती मूळ रहिवाशांची. या चित्रपटात रूळ हेच नशीब आहे, तरी रूळ टाकणाऱ्या एकाही मजुराला नाव नाही. पहिल्या प्रसंगात स्टेशनावर एक मूलनिवासी बाई असते, ती घाबरून पळून जाते, आणि तिच्या लोकांशी चित्रपटाचा संबंध जवळपास तिथेच संपतो. वुडी स्ट्रोडसारखा देखणा, भारदस्त कृष्णवर्णी नट पाणी पिऊन मरण्यापुरता. लिओनेला अमेरिका माहीत होती ती पडद्यावरून. जुन्या वेस्टर्नचा दिग्दर्शक जॉन फोर्डवर प्रेम म्हणून तो जिलच्या घोडागाडीला थेट फोर्डच्या चित्रपटांतल्या मॉन्युमेंट व्हॅलीत घेऊन गेला आणि तिथली तांबडी माती बघून माझंही मन भरून येतं. पण ती व्हॅली नव्हाहो लोकांची आहे, हे त्या चौकटीत कुठेच नाही. त्याने सिनेमांच्या आठवणीतून सिनेमा रचला. त्या आठवणीत जे नव्हते ते याच्यातही आले नाहीत.

आणि जिल. तिला या चित्रपटाने सगळं दिलं: सर्वांत सुंदर सूर, सर्वांत उंच चढणारी क्रेन, जमीन, विहीर, भविष्य. शायेन पहिल्यांदा घरात शिरतो तेव्हा ती त्याला जे ऐकवते ते मला तोंडपाठ आहे: तुला हवं तर मला या टेबलावर आडवी कर, तुझ्या माणसांनाही बोलाव, त्याने कुठली बाई मेलेली नाही, नंतर मला उकळत्या पाण्याचं एक टब लागेल आणि मी होते तशीच होईन, फक्त डोक्यात एक घाण आठवण जास्त. एका बाईने आयुष्यभर काय सोसलंय ते चार वाक्यांत. इथेही पाणीच. हे लिहिणाऱ्यांना बाई कळत होती.

मग पुढे काय होतं? हार्मोनिका तिच्यावर झडप घालतो, तिच्या कपड्यांची लेस फाडतो. नंतर कळतं की हे तिला वाचवण्यासाठी होतं. तो तिला विहिरीवर पाठवतो आणि मारायला आलेल्या दोघांना टिपतो. पण तो प्रसंग कॅमेऱ्याने घेतलाय तो बलात्काराच्या भीतीचा आणि तिच्या उघड्या खांद्यांचा म्हणून. फ्रँक तिला पळवून नेतो आणि बिछान्यातल्या त्या लांब प्रसंगात जीव वाचवायला ती त्याला साथ देते. त्याच्या तोंडी तिच्याविषयी शेरे आहेत, तिच्या मनात काय चाललंय याकडे कॅमेरा वळत नाही. ज्या कॅमेऱ्याला ब्रॉन्सनच्या एका पापणीत भावाचं मरण दिसतं त्याला कार्डिनालेच्या चेहऱ्यावर, इतक्या जवळ जाऊनही, भीतीच्या पुढचा विचार शोधावासा वाटत नाही. जमिनीचा लिलाव होतो तेव्हा फ्रँकच्या माणसांच्या दहशतीपुढे ती गप्प बसते, आणि जमीन वाचते ती हार्मोनिकाने शायेनच्या डोक्यावरच्या ५००० डॉलरच्या इनामातून बोली लावली म्हणून. विहीर तिची, आणि तिच्याविषयीचा प्रत्येक निर्णय दुसऱ्या कुणाचा. कार्डिनालेने हे पात्र उभं ठेवलंय ते संवादांच्या जोरावर नाही. स्टेशनावर वाट बघताना, रिकाम्या घरात कपाटं उपसताना, काळ्या लेसच्या छताखाली आडवी होऊन वर बघताना तिने केलेलं मौनाचं काम फोंडाच्या डोळ्यांइतकंच मोठं आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

शेवट मला सगळ्यात कठीण जातो. बाहेर द्वंद्वाची तयारी, आत शायेन तिला सांगतोय की बाहेरच्या पोरांना पाणी नेऊन दे, तुझ्यासारखी बाई नुसती बघूनसुद्धा पुरुषाला किती बरं वाटतं ते तुला कळायचं नाही. आणि एखाद्याने मागून हात मारला तर काही झालंच नाही असं समज, त्यांनी ते कमावलंय. जेसन रोबार्ड्सने ते इतक्या मऊ, दमलेल्या आवाजात म्हटलंय की ते प्रेमाचं बोलणं वाटावं. निघताना तो स्वतःच तसा हात मारतो. बाबांना हा प्रसंग हळवा वाटतो. मरणाऱ्या माणसाचा निरोप म्हणून ते त्याच्याकडे बघतात, आणि ते खोटं नाही. आई मात्र त्या वेळी फटकन म्हणाली होती, “पाणी पाजणाऱ्या बाईला असं सांगतात होय!” या दोघांच्या मधे मी बरीच वर्षं उभी आहे आणि वय वाढेल तशी आईकडे सरकते आहे. पाणी घेऊन दाराबाहेर पडणाऱ्या बाईला, ती जमिनीची मालकीण असतानाही, अंगावर पडणारा हात कुणाचा तरी हक्क आहे असं समजावून पाठवलं जातं, आणि चित्रपट ते शहाणपण म्हणून आपल्या हातात ठेवतो. त्यावर मोरिकोनेचे सूर इतके सुंदर आहेत की आपणही ते स्वीकारून बसतो. हा दोष काळाचा होता असं म्हणून मला तो सोडता येत नाही, कारण याच चित्रपटाने आधी तिच्या तोंडी टबाचं ते वाक्य घातलं होतं. त्याला माहीत होतं.

हार्मोनिका निघतो तेव्हा तू पुन्हा कधीतरी येशील अशी आशा आहे, अशा अर्थाचं ती बोलते. त्यानंतर ती बोलत नाही. हार्मोनिका शायेनचं प्रेत घोड्यावर घालून टेकड्यांकडे जातो, गाडी स्वीटवॉटरला पोचते, जिल घागर घेऊन मजुरांत शिरते आणि ते तिच्याभोवती गोळा होतात. लिओनेने तिचा शेवट एद्दा देल्ओर्सोच्या आवाजावर सोपवला, आणि तो आवाज तिची सगळी बाजू मांडतो असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पुरत नाही. त्या मजुरांना पहिला पेला देताना तिने काहीतरी बोलायला हवं होतं. निदान विहीर कुणाची आहे एवढं तरी.